तुकोबांच्या सेतूवरून : नारायण वामन टिळकांचे अनुसंधान

सज्जनहो, मागल्या कार्तिक वद्य एकादशीस आमच्या कारंजा (घाडगे) येथे विठ्ठलमंदिरात कीर्तनसेवा घडली. निरूपणाचा विषय होता अनुसंधान. वारी वर्षातून एकदा अथवा दोनदा, एकादशी महिन्यातून दोनदा. मग मधल्या दिवसांचे काय? नांगर हाकताना, संत्र्याच्या पेट्या भरताना, दुकानाच्या गादीवर बसून हिशेब लिहिताना देवाशी असलेला धागा तुटू नये, ह्यासाठी काय करावे? उत्तररंगात दृष्टांतादाखल मी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव घेतले. कीर्तन संपले, आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगली. पण एक म्हातारी माळकरी बाई मागे थांबल्या. पायावर डोके ठेवून झाल्यावर त्यांनी हळूच विचारले, की बुवा, आपल्या देवळात त्या किरिस्तावाचे नाव कायले घेतले? आपल्याकडे संतांचा का तोटा पडला?

बाईंचा प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. म्हणून त्याचे उत्तर दोन शब्दांत देऊन चालण्यासारखे नव्हते. शिवाय मी स्वतःशी खरे बोलायचे तर हाच प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी माझाही होता. पाठशाळेत कौमुदी घोकणारे आम्ही; टिळकांच्या कविता शाळेच्या पुस्तकातून पाठ असत, पण त्यांचे चरित्र कोणी काढले की विषय बदलायचा, अशी आमची रीत. धर्म सोडलेल्या माणसापासून धर्म तो काय शिकायचा, असे आम्हांस वाटे. पुढे त्यांचे चरित्र वाचले, लक्ष्मीबाईंची स्मृतिचित्रे वाचली, आणि माझी मान आपोआप खाली गेली. ते चरित्र आज येथे सांगतो. वाचून ज्याचे त्याने ठरवावे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. वडील वामनराव कडक स्वभावाचे; आई जानकीबाई प्रेमळ आणि भाविक. मुलाला भक्तीची आणि कवितेची गोडी लागली ती आईच्या मांडीवर. ती आई लहानपणीच गेली आणि घर परके झाले. पोर घर सोडून नाशकास आले. तेथे गणेशशास्त्री लेले ह्यांच्यासारख्या विद्वानापाशी संस्कृताचे अध्ययन झाले. इंग्रजी शाळेचा लाभ थोडाच मिळाला. पण बुद्धी अशी तीव्र, की कानावर पडेल ते काव्य मुखोद्गत व्हावे आणि मनात येईल ते पद्यात उतरावे.

साधारण १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनू त्यांस दिली. ह्याच पुढे लक्ष्मीबाई. त्या वेळी वय अवघे अकराबारा. माहेरी सोवळ्याओवळ्याचे कर्मठपण टोकाचे. सासरी नवरा असा, की आज एका गावी तर उद्या दुसऱ्या. टिळकांनी कोठे शिक्षकी केली, कोठे पुराण सांगितले, कोठे कीर्तन केले. हो, कीर्तन! आपल्याच धंद्यातला माणूस म्हणा ना. हाती आलेला पैसा घरी पोचण्यापूर्वीच कोणा गरजवंताच्या पदरात पडे. राग तत्काळ येई आणि तत्काळ जाई. न सांगता घरातून निघून जाणे हे तर नित्याचे. बायकोने चूल कशी पेटवावी हा विचार त्या काळी त्यांच्या डोक्यात फारसा नसे. चरित्र सांगताना पुरुषाचा दोष झाकणे हा कीर्तनकाराचा धर्म नव्हे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

पुढे दैवाने त्यांस आपल्या वैदर्भीय प्रांताकडे ओढून आणले. १८९१ च्या सुमारास नागपुरात श्रीमंत अप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम त्यांनी केले, ऋषि नावाचे मासिक चालविले. ह्या काळात त्यांचे मन अत्यंत अस्वस्थ होते. मूर्तीवरचा भाव उडाला होता, जातिभेद डाचत होता, पण देवाची भूक काही शमेना. स्वतःच एक नवा धर्म काढावा, असेही त्यांच्या मनात घोळत होते. वाचकहो, ही अवस्था कमी समजू नये. ज्याचा देव हरवला आणि त्याचे दुःखही वाटत नाही, त्याची गोष्ट वेगळी. ज्याचा देव हरवला आणि ज्यास अन्न गोड लागत नाही, तो शोधाला लागलेलाच असतो.

१८९३ च्या सुमारास नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाची गाठ पडली. संस्कृत काव्यावरून बोलणे निघाले, ते धर्मावर आले. उतरताना त्या गृहस्थाने नव्या कराराचे पुस्तक हाती दिले आणि आपण दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते चमत्कारिक वाटले. पण पुस्तक वाचीन असा शब्द दिला होता, आणि शब्द मोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले, आणि तेथेच गुंतले. शत्रूवरही प्रेम करावे, दान गुप्तपणे करावे, देवास बाप म्हणून हाक मारावी, ह्या गोष्टींनी त्यांच्या अंतःकरणाचा ठाव घेतला.

पुढची दोन वर्षे घोर लोकापवादात गेली. मित्र दुरावले, उपजीविका डळमळली. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मिशनच्या देवळात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे तेच मिशन, ज्याचे जस्टिन अॅबट ह्यांनी पुढे आपल्या महीपतिबुवांच्या भक्तविजयाचे पंडित नरहर गोडबोले ह्यांच्या साहाय्याने इंग्रजीत भाषांतर केले. देवाचे सूत्र कोठून कोठे जोडलेले असते, पाहा.

आता ह्या चरित्रातील सर्वांत कठीण भाग. टिळकांनी हे पाऊल पत्नीस विश्वासात न घेता उचलले. लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या. कडेवर लहानगा दत्तू. बातमी आली आणि त्यांच्यावर आभाळ कोसळले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. बहीण आणि मेहुणे ह्यांच्या आश्रयाने त्यांनी ते दिवस कोठे काढले असतील? पंढरपुरास! होय, चंद्रभागेच्या तीरी, आपल्या विठाईच्या गावी. नवरा ख्रिस्ताच्या पायी आणि बायको विठ्ठलाच्या दारी, असा तो विलक्षण वियोग. शोकाने त्यांचे शरीर झिजले. पण त्याच विरहाच्या दिवसांत, शाळेची पायरी न चढलेल्या ह्या बाईच्या मुखातून पद्य बाहेर पडू लागले. टिळक पत्रे लिहीत, भेटीस येत, मुलाच्या ओढीने कासावीस होत. परंतु तुझा धर्म सोड, अशी जबरदस्ती त्यांनी पत्नीवर केली नाही.

चारपाच वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) आल्या. प्रथम चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे कायम. टिळकांनी त्यांची ती सोय निमूटपणे लावून दिली. मग एकदा विचार करता करता त्यांच्याच मनाने घेतले, की देवाने माणसे निर्माण केली, जाती त्याने केल्या नाहीत. आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे पाणी त्यांस चालू लागले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तो छप्पनच्या दुष्काळाचा काळ. अन्नावाचून तडफडणारी अनाथ पोरे टिळकांनी घरी आणावी आणि लक्ष्मीबाईंनी त्यांच्या पोटाची चिंता वाहावी, असा संसार सुरू झाला.

येथे एक शंका येईल. धर्म बदलला, बायको आली, मिशनमध्ये अध्यापनाची जागा मिळाली. टिळकांस देव सापडला असेच ना? पण चरित्र तसे सांगत नाही. पुस्तकातला ख्रिस्त बुद्धीस पटला होता, तो रोजच्या जगण्यात उतरायचा होता. रविवारी देवळात जावे, भाषांतरित गीते विलायती चालींवर म्हणावी, धर्मोपदेश ऐकावा आणि घरी यावे. सोमवारपासून पुन्हा आपला व्यवहार. हे त्यांस कोरडे वाटू लागले. भक्ती करायची तर हृदय स्वतःच्या भाषेत रडले पाहिजे, हसले पाहिजे. आपल्या मराठी माणसाचे हृदय कोणत्या भाषेत रडते, हे ह्या जुन्या कीर्तनकारास ठाऊक होते. ते तुकोबांच्या भाषेत रडते.

मग टिळक परत वळले. धर्माने नव्हे, वाटेने. ज्ञानोबा, नामदेव, एकनाथ, तुकाराम ह्यांच्या वाणीचा जो संस्कार बाळपणी झाला होता, तो पुन्हा जागा झाला. त्यांनी अभंग रचले, ओव्या रचल्या, पदे रचली. टाळ, मृदंग आणि कीर्तन ही साधने त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आपली मानून घेतली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या गीतसंग्रहात आजही त्यांची गीते शेकड्यांनी गायिली जातात. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोचलो, हे ते लपवीत नसत, अभिमानाने सांगत. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही, की त्यांनी ख्रिस्तास माउली म्हटले, गुरुमाउली म्हटले. विलायतेच्या धर्मोपदेशकास ही हाक सुचणे अवघड. ती हाक आळंदीच्या आणि देहूच्या मातीतली आहे.

मराठीत ख्रिस्तकथा ओवीत गाणारे टिळक काही पहिले नव्हेत. इंग्लंडात जन्मलेला फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आला, मराठी शिकला, आणि १६१६ साली त्याचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रायतूर येथे छापले गेले. तो परदेशी आपल्या भाषेच्या गोडीने वेडा झाला होता. टिळक तर घरचेच. त्यांनीही ख्रिस्तायन हे ओवीबद्ध काव्य आरंभिले.

टिळकांचे अनुसंधान कसे चाले, हे अभंगांजली ह्या त्यांच्या संग्रहावरून कळते. तेथे वादविवाद नाही, खंडनमंडन नाही. आज मन मलिन झाले, हे देवास सांगितले आहे. आज तू दूर वाटलास, अशी तक्रार केली आहे. आज जवळ आलास, म्हणून आनंद मानला आहे. लेकरू आईशी दिवसभर काही ना काही बोलत राहते तसे. ज्ञानोदय पत्राच्या मराठी विभागाचे संपादन हा त्यांचा शेवटच्या वर्षांतील व्यवसाय. म्हणजे मजकूर, मुद्रिते आणि छापखान्याची घाई नित्याची. त्या घाईतही हे बोलणे थांबले नाही. त्यांच्या घरी कवी येत, विद्यार्थी येत. बालकवी ठोंबरे हा कोवळा हिंदू मुलगा त्यांच्या घरी लेकासारखा राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याची आईसारखी माया केली, आणि तो हिंदूच राहिला. फुले आणि मुले हे टिळकांच्या कवितेचे आवडते विषय. फुलाकडे बघताना ज्यास देव आठवतो त्यास वेगळी जपमाळ कशाला?

आमच्या कारंजा भागात संत्र्याचे मळे आहेत. शेतकरी वाचकांस सांगायला नको, की संत्र्याचे झाड बहुधा बीपासून लावीत नाहीत. जंबेरीचा खुंट असतो, त्यावर संत्र्याचा डोळा बांधतात. मुळे जंबेरीची, फळ संत्र्याचे. खुंट रस पुरवितो म्हणून डोळा जगतो; डोळा फुटतो म्हणून खुंटाचे सार्थक होते. बांधलेला डोळा खुंटापासून सुटला, तर चार दिवसांत वाळतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशूने शिष्यांस द्राक्षवेल आणि तिचे फाटे ह्यांचा दृष्टांत सांगितला आहे. त्याचे तात्पर्य हेच, की जोडलेले राहा, तरच फळ येईल. टिळकांचे चरित्र मला असे कलम वाटते. डोळा ख्रिस्ताचा, खुंट तुकोबांचा. आमचा खुंट इतका सकस, की त्यावर दुसऱ्याचा डोळाही धरला आणि फळाला आला, ह्यात आम्ही रागवावे की आनंद मानावा?

परंतु नुसते जोडलेले राहून त्यांचे समाधान होईना. १९१७ साली, वयाच्या छप्पनाव्या वर्षी, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. देवाचे काम आणि महिन्याचा पगार ह्यांची सांगड त्यांस बोचू लागली होती. आपण वारकरी कीर्तनकारांनी ह्या ठिकाणी जरा थांबून स्वतःकडे बघावे. बिदागी ठरवून वीणा गळ्यात घालणारे आम्ही. मीही त्यातलाच, दुसऱ्यास बोट दाखवीत नाही. टिळकांनी संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास देवाचा दरबार स्थापन केला. ह्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे लोक बंधू म्हणून यावे, नाव कोणतेही असो, ख्रिस्ताच्या प्रेमाने एकत्र राहावे, अशी कल्पना होती. स्वकीय मिशनातल्या कित्येकांस ती रुचली नाही. पूर्वी हिंदूंचा रोष पत्करला, आता काही ख्रिस्ती मंडळींचाही पत्करला. दोन्ही बाजूंनी बोलणी खाणारा माणूस बहुधा सरळ वाटेने चाललेला असतो.

दरबार फार काळ चालायचा नव्हता. प्रकृती ढासळली, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांनी देह ठेवला. ख्रिस्तायन अपुरे राहिले. ते कोणी पुरे केले? ज्या बाईस नवऱ्याच्या धर्मांतराने वेड लागायची पाळी आली होती, जी पंढरपुरात रडत बसली होती, जिला अक्षर ओळखही उशिरा झाली, त्या लक्ष्मीबाईंनी त्यापुढचे चौसष्ट अध्याय लिहिले! ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. तो छापलेला पाहण्यास त्या राहिल्या नव्हत्या. १९३६ साली त्यांनी देह ठेवला. त्यांची स्मृतिचित्रे १९३४ पासून चार भागांत आली. आपल्या भाषेत इतके निष्कपट आत्मचरित्र विरळा. त्यात नवऱ्याची थोरवी आहे आणि नवऱ्याचा वेडेपणाही आहे. स्वतःची फजिती तर जागोजाग. रागाचा अंश कोठे नाही.

म्हणून माझे मत विचाराल तर अनुसंधानाचा धडा ह्या घरात दोघांनी दोन रीतींनी दिला. टिळकांचे अनुसंधान आकाशात झेपावणारे. त्यांनी देवासाठी घर मागे टाकले, आणि त्याची किंमत पुष्कळदा घरच्यांनी भरली. लक्ष्मीबाईंचे अनुसंधान चुलीपाशी बसलेले. पीठ संपले तरी पोरांस जेवू घालणारे, दुःखातून हसू काढणारे. एकाने देव शोधला, दुसरीने तो सांभाळला. जनाबाईंचे दळणकांडण ज्याच्या ध्यानात आहे, त्या वारकऱ्यास ह्या दोहोंतील वडीलकी कोणाची, हे सांगावे लागत नाही. आणि टिळकांची खरी थोरवी अशी, की पुढे त्यांनाही हे कळले होते. पत्नीवर लिहिलेल्या त्यांच्या कविता त्याची साक्ष देतात.

ह्याच आमच्या वर्धा जिल्ह्यात पवनारला विनोबांनी धाम नदीच्या काठी आश्रम केला. गीताईच्या ह्या कर्त्याने ख्रिस्तधर्मसारही संपादिले. गीता सोडून नव्हे, गीता हृदयाशी धरून. तेव्हा दुसऱ्याच्या भक्तीचे कौतुक करण्याने आपली माळ तुटत नाही, हा धडा आम्हांस घरच्या अंगणातच मिळालेला आहे.

असो. त्या माळकरी बाईंस मी त्या रात्री इतकेच सांगितले, की आई, त्या माणसाने आपला रस्ता सोडला खरा, पण आपल्या तुकोबांस सोडले नाही. आणि देवाशी रोज बोलणे तर कधीच सोडले नाही. आपण रस्ता सोडला नाही. पण रोजचे बोलणे? बाई काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, की माझे तर आठ आठ दिवस हरिपाठ चुकतो, बुवा. नातवंडांच्या धबडग्यात ध्यानातच राहत नाही. मी म्हटले, नातवंडांस न्हाऊ घालतानाच म्हणत जा. लक्ष्मीबाई तसेच करीत असत्या.

बाई हसल्या आणि घरी गेल्या. परवा एकादशीस पुन्हा भेटल्या. धाकट्या नातवास पहिले दोन अभंग तोंडपाठ झाले, असे त्यांनी सांगितले. माझी बिदागी मला तेथेच पोचली.

रामकृष्णहरि.